कोऱ्या संगणकाच्या पोटात

ठप्प. थोडं थांबून पुन्हा ठप्प.

माझ्या आठवणीतला सगळ्यात पहिला आवाज हा. रबरी शिक्क्याचा. दावणगेरेच्या ट्रस्टच्या इस्पितळात, नोंदणीच्या तीन नंबरच्या खिडकीवर मला नुकतं मांडलं होतं. शेजारचा कारकून शाईच्या डबीवर शिक्का टेकवायचा आणि चिठ्ठीवर मारायचा. एक ठप्प म्हणजे एक आजारी माणूस आत गेला. मला वाटायचं, हे माझंच काळीज वाजतंय. पुढे कळलं की माझं काळीज म्हणजे एक लहानसा पंखा आहे, आणि तो वाजत नाही, घरघरतो.

मी त्या खिडकीवरचा जुना संगणक. बोलायची मला सवय नाही. लोकांनी विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं, अशीच माझी जन्मभराची रीत. पण एका आठवड्यात असं झालं की जे सांगायला हवं होतं ते माझ्याच पोटात होतं, आणि मला कोणी नीट विचारलंच नाही. ते मनाला लागून राहिलंय. म्हणून आज न विचारता बोलतोय.

मला डोळे नाहीत. जे कळतं ते बोटांवरून आणि आवाजांवरून. नऊ वर्षांत बोटं ओळखायला शिकलो. घाईतलं बोट कळीच्या कडेवर पडतं. भ्यालेलं बोट एकच कळ दोनदा दाबतं.

यंदा ट्रस्टने सगळी नवी यंत्रं घेतली. इस्पितळात आणि हरिहर, होन्नाळी, चन्नगिरी, जगळूरच्या केंद्रांत मिळून दोनशे चाळीस. आमची जुनी सगळी फौज गोदामात गेली. मीही गेलो असतो, पण तिप्पण्णांनी मला बाजूला काढलं.

तिप्पण्णा म्हणजे तिप्पेस्वामी. पंधरा वर्षांपूर्वी इस्पितळात वायरमन म्हणून लागले. शाळा सातवीपर्यंत. त्याच वर्षी कॉम्प्युटर आले तेव्हा ते बसवायला आलेल्या माणसांच्या मागे उभं राहून बघत बघत शिकले. तेव्हापासून कुठल्याही यंत्रात काही घालायचं असलं की तिप्पण्णा जायचे. आधी सीडी घेऊन, मग पेन ड्राइव्ह. गळ्यात एका दोऱ्यात इष्टलिंग, दुसऱ्यात पेन ड्राइव्ह.

"अण्णा, पूजा कोणाची आधी करता?" कारकून चिडवायचे.

"सकाळी याची. दहा वाजले की त्याची."

मला त्यांनी गोदामाच्या दारातून परत आणलं, पोटात नवी डिस्क घातली आणि संगणक विभागातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हा चांगला आहे. हा विनुताला देऊ. तिला एक लागतोय तपासायला."

विनुता चार महिन्यांपूर्वी आली. हरिहरची मुलगी. बेंगळूरला चांगल्या नोकरीत होती, पण वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि ती परत आली. सकाळी बसने यायची, संध्याकाळी साडेपाचला पर्स उचलून पळायची, कारण वडिलांची कूस बदलायला घरात आई एकटी पुरत नव्हती. इथली नोकरी सहा महिन्यांच्या करारावर. पुढे वाढली तर वाढली. नाही वाढली तर पुन्हा बेंगळूर, आणि मग वडिलांना कोण उचलणार? हे ती फोनवर आईशी बोलायची. मी शेजारी असायचो, म्हणून मला माहीत.

तिला काम दिलं होतं ते असं. नोंदणीचा नवा प्रोग्राम दोनशे चाळीस यंत्रांत घालायचा, आणि तो कशाने घालायचा ते अवजार निवडायचं. तिने तिप्पण्णांना समजावून सांगितलं तेव्हा दोघं माझ्याशेजारी मंडक्की-मिरची, म्हणजे चुरमुरे आणि मिरचीची भजी, खात होते. त्या मंडक्कीचा एक दाणा अजून माझ्या कळांच्या खाली आहे.

"अण्णा, आता यंत्रा-यंत्राकडे जायचं नाही. इथे एक पुडकं बांधायचं. ते इथूनच सगळ्यांकडे पाठवायचं. ते तिथे जाऊन आपलं आपण उघडतं आणि आपलं आपण बसतं."

"आणि नाही बसलं तर?"

"तर कळवतं."

"कोणाला?"

"मला."

"म्हणजे जगळूरला जायचं नाही."

"नाही जायचं."

"होन्नाळीला?"

"नाही हो अण्णा. कुठेच नाही."

तिप्पण्णांचं चावणं थांबलं. "बरं," म्हणाले. आणि उरलेली मिरची तिच्याकडे सरकवली. "खा तू. मला तिखट लागतेय." नऊ वर्षांत त्यांना मिरची तिखट लागलेली मी ऐकली नव्हती.

पुडकी बांधायची दोन अवजारं तिच्यासमोर होती. एक बेंगळूरच्या कंपनीचं, महागाचं. ते यंत्राचा एक फोटो आधी काढतं. मग आपण प्रोग्राम घालायचा. मग ते दुसरा फोटो काढतं. दोन फोटोंत जो फरक दिसेल, त्याचं पुडकं. दुसरं अवजार फुकट. त्यात फोटोबिटो काही नाही, आपण एकेक ओळ लिहायची. आधी हे ठेव, मग ते उघड, मग याला तिथे बसव. नव्या सुनेला स्वयंपाक सांगावा तसं.

तीन आठवडे ती घोळत होती. फोटोचं अवजार झटपट, पण त्याच्या पुडक्यात काय काय आलं ते कोणाला वाचता येत नाही. लिहायचं अवजार संथ, पण कोणीही उघडून वाचावं. रोज सकाळी एक पक्कं करायची, दुपारी दुसरं. वहीत ओळी ओढायची आणि खोडायची. शेवटी तिने लिहायचं अवजार धरलं.

कोट्रेश सर तिचे साहेब. हिशेब खात्यातून बढती होऊन आलेले, संगणकातलं फारसं कळत नाही हे स्वतःच सांगायचे. ते म्हणाले, "फुकटच्या गोष्टीमागे उभं कोण राहतं? उद्या बिघडलं तर फोन कोणाला करू?"

"मला करा, सर."

"बरं. तुम्हालाच करीन."

एवढं एक वाक्य. पण त्या दिवशी तिने परवलीचा शब्द तीनदा चुकीचा टाइप केला.

आता माझं काम सांगतो. कुठल्याही अवजाराला माप घ्यायला एक कोरं यंत्र लागतं. ज्याच्या पोटात, खिडकीवरच्या नव्या यंत्रांत असतं तेवढंच आहे, त्याहून काडीचंही जास्त नाही. पुडकं त्याच्यावर बांधायचं, त्याच्यावरच उघडून बघायचं. ते कोरं यंत्र मी. म्हणून विनुता मला वरचेवर पुसून कोरं करायची. कळ दाबली की मी विचारायचो, "खात्री आहे का?" ती "हो" म्हणायची. मग माझं सगळं जायचं.

तुम्ही म्हणाल, सगळं जातं तर तुला हे आठवतं कसं? मलाही नीट सांगता येणार नाही. डिस्क कोरी होते खरी. पण पंख्यात धूळ राहते. कळांवरची अक्षरं जिथे बोटं जास्त पडतात तिथे झिजतात, ती काही परत उगवत नाहीत. असंच काहीतरी कुठेतरी राहत असेल. पण भीती दर वेळी नव्याने वाटायची.

त्या शुक्रवारी तिने मला पुसलं आणि घरी गेली. सोमवारी पुडकं बांधायचं होतं. मधला शनिवार महिन्यातला दुसरा, म्हणून सुट्टी. पण तिप्पण्णांना सुट्टी कळत नाही. ते अकराच्या सुमाराला आले, खोली उघडली, टेबलं पुसली. माझ्यापाशी आले. खांद्यावरच्या पंच्याने माझी पाठ पुसली आणि मला सुरू केलं.

"बघू रे, काय काय दिलंय तुला पोरीने."

दोन बोटांनी चालवायचे ते. सावकाश. माझ्यातल्या प्रोग्रामांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आणि म्हणाले, "अरेरे. रिकामाच ठेवलाय की तुला."

मग गळ्यातला पेन ड्राइव्ह काढून त्यांनी मला लावला.

नोंदणीची चिठ्ठी छापताना रोग्याचं नाव कन्नडमध्ये छापावं लागतं. त्यासाठी एक लहानसा जोड-प्रोग्राम लागतो. तो नसला की पडद्यावर नाव बरोबर दिसतं, पण कागदावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात. हे तिप्पण्णांना पंधरा वर्षांपूर्वी एका खिडकीवर कळलं. तेव्हापासून, यंदाची विकणाऱ्यांनीच मांडलेली नवी यंत्रं सोडली तर, इस्पितळातलं एकही यंत्र त्यांनी त्या जोडाशिवाय ठेवलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं. कुठे लिहिलेलं नव्हतं. आई मुलाला बाहेर धाडताना खिशात रुमाल घालते ना, तसं ते करायचे.

तसाच तो त्यांनी माझ्यातही घातला. "हं. आता पोट भरलं तुझं." दिवा बंद करून गेले.

माझा पंखा त्या दिवशी जास्त घरघरला. मी कोरा राहिलो नव्हतो, आणि हे मी आणि तिप्पण्णा सोडून कोणालाच माहीत नव्हतं. सोमवारी विनुता यावी, आधी मला पुसावं, मग काम सुरू करावं, एवढंच मनात घोकत राहिलो.

सोमवारी ती आली. नियम असा की बांधायच्या आधी पुसायचं. पण पुसायला तीन तास लागतात, आणि शुक्रवारी तर तिने स्वतः पुसलं होतं. खोलीला कुलूप होतं. तिने नाही पुसलं.

दिवसभर ओळी लिहिल्या. चार वाजता पुडकं माझ्यावर उघडून बघितलं. चाचणीसाठी रोग्याचं नाव म्हणून वडिलांचं नाव घातलं, बसवराजप्पा. शेजारच्या प्रिंटरने चिठ्ठी बाहेर टाकली. तिने ती उचलली आणि एकटीच हसली.

"आलं अण्णा! नाव कसं सुरेख आलंय बघा."

तिप्पण्णा दारातूनच म्हणाले, "येणारच."

मी काय करू शकत होतो? जे विचारतील त्याचं उत्तर देणारा मी. नाव छाप म्हणाली, मी छापलं. कोणाच्या जोरावर छापलंस, असं तिने विचारलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी पुडकं दोनशे चाळीस यंत्रांकडे गेलं. सगळीकडून "बसलं" असा निरोप आला.

बुधवारी सकाळी आठला खिडक्या उघडल्या आणि पाचव्या मिनिटाला फोन वाजायला लागले. पहिला तीन नंबरच्या खिडकीचा. तो कारकून इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं.

"मॅडम, नावाच्या जागी चौकोन येतायत! एक म्हातारा भांडतोय माझ्याशी. म्हणतो, माझ्या बापाने माझं नाव चौकोन ठेवलं नव्हतं!"

मग पाच नंबर. मग बाळंतिणींचा विभाग. तिथे सिस्टर चिठ्ठी हातात घेऊन उभी, हाक कोणाला मारायची ते कळेना. मग हरिहर, मग होन्नाळी. विनुता एक फोन ठेवायची, दुसरा उचलायची. "हाताने लिहा. नाव हाताने लिहा तोवर. हो, पेनने." नव्या यंत्रांसमोर बसून लोक पेनने नावं लिहायला लागले, आणि रांग बाहेरच्या चिंचेपर्यंत गेली असं कोणीतरी सांगत आलं.

कोट्रेश सर आले. ओरडले नाहीत. "म्हणालो होतो ना, तुम्हालाच फोन करीन. मग म्हटलं, फोन कशाला, स्वतःच येतो."

"सर, इथे चालतंय. हे बघा." तिने माझ्यावर पुन्हा पुडकं उघडलं. पुन्हा बसवराजप्पा. पुन्हा सुरेख.

"मग आता रोग्यांना एकेक करून या टेबलापाशी आणू का?"

त्या सकाळी तिने माझ्यावर ते पुडकं अकरा वेळा उघडलं. अकराही वेळा नाव आलं. तिची बोटं एकेक कळ दोनदा दाबायला लागली होती. मला पुसून बघ ग बाई, एकदा पुसून बघ, एवढंच मी मनात म्हणत होतो. बाराव्या वेळी तिच्याही ते मनात आलं असावं, कारण पुसायच्या जागेपर्यंत ती गेली. पण कोट्रेश सरांनी अडवलं.

"कशाला हात लावायचा नाही. जसंच्या तसं राहू दे. उद्या बेंगळूरच्या त्या कंपनीचा माणूस बोलावलाय. तो बघेल चूक कोणाची ते."

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिप्पण्णा आले.

चौकोन हा शब्द कानावर पडला तेव्हाच त्यांना सगळं कळलं असणार. ते माझ्यासमोर बसले. बोटं कळांवर ठेवली आणि बराच वेळ एकही कळ दाबली नाही. मग यादी उघडली. त्या जोडाच्या ओळीवर आले. तिथे शनिवारची तारीख होती, वेळ होती, आणि आत शिरायचं त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांनी ती ओळ निवडली आणि 'काढून टाका' दाबलं.

मी विचारलं, "खात्री आहे का?"

हा प्रश्न मी जन्मभर विचारत आलोय. पण त्या दुपारी तो माझा स्वतःचा होता. हो म्हणाले असते तर तिथे काही होतं याची खूणही राहिली नसती, आणि दोष त्या मुलीच्या कपाळी कायमचा बसला असता.

त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. खाली कॅन्टीनमध्ये कोणीतरी ताटं आपटत होतं.

त्यांनी "नाही" दाबलं. यादी बंद केली. उठले. पण सांगितलंही कोणाला नाही.

गुरुवारी बेंगळूरचा माणूस आला. श्रीवत्स नाव. गोड बोलायचा. माझ्यावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, "हा आजोबा कोणत्या सालचा?"

"पोटात नवा आहे," तिप्पण्णा पुटपुटले.

श्रीवत्सने फुकटच्या अवजाराबद्दल दोन शब्द सांगितले, आपल्याबद्दल दहा. मग त्याने माझा पहिला फोटो काढला, नोंदणीचा प्रोग्राम घातला, दुसरा फोटो काढला. तासाभरात पुडकं तयार. माझ्यावर उघडलं, नाव छापलं गेलं. "बघा सर," म्हणाला. विनुता कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. खुर्ची करकरली तेवढंच.

मग ते पुडकं चार खिडक्यांवर पाठवलं. दहा मिनिटांत चारी फोन आले. चौकोन.

जो जोड माझ्यात पहिल्या फोटोच्या आधीपासूनच होता, तो फरकात कसा येणार? पण श्रीवत्सला हे कसं ठाऊक असावं? तो म्हणाला, "खिडकीवरच्या यंत्रांत काहीतरी बिघाड आहे."

कोट्रेश सर म्हणाले, "दोनशे चाळीस यंत्रांत बिघाड आहे आणि तुमच्या दोन पुडक्यांत नाही? मला संगणक कळत नाही हो, पण आकडे कळतात." खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "पुरे झालं. हेही अवजार नको आणि तेही नको. तिप्पण्णा, तुमचा पेन ड्राइव्ह काढा. उद्यापासून निघा फिरायला, पहिल्यासारखं. तुम्ही घातलेल्या यंत्रात कधी चौकोन आले नाहीत. विनुता, तुमचा करार मला पुढे वाढवता येणार नाही. पत्र उद्या देतो."

माझ्या पंख्याचा आवाज मलाच नकोसा झाला. विनुता उठली आणि तिने पर्सची चेन लावली. साडेपाच वाजायला अजून दोन तास होते.

तिप्पण्णांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं, न मागता. जगळूर परत, होन्नाळी परत. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायला तर ते पटाईत.

"सर," ते म्हणाले, "याच्यात माझा जोड आहे."

"कसला जोड?"

"कन्नड छापायचा. शनिवारी मी याच्यात घातला. तो आहे म्हणून इथे नाव येतं. तिथे नाही म्हणून चौकोन. यादीत माझं नाव आहे. बघा."

विनुताने पर्स टेबलावर टाकली आणि माझ्याकडे धावली. यादी उघडली. एक बोट पडद्यावर आपटलं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला घालायला?" कोट्रेश सरांचा आवाज आता चढला.

"कोणी नाही. रिकामा दिसला."

"रिकामा दिसला! म्हणून?"

"म्हणून घातला, सर. नेहमी घालतो."

"आणि हे तुम्हाला कळलं कधी?"

"काल."

"काल कधी?"

"काल दुपारी. चौकोन म्हणाले तेव्हाच."

श्रीवत्स खो खो हसला आणि मग एकटाच हसतोय हे कळून थांबला. कोट्रेश सर म्हणाले, "विनुता, बांधायच्या आधी पुसायचं असा नियम तुमचाच ना?"

"हो सर. नाही पुसलं मी. ती चूक माझी."

"सोमवारी सकाळी आठ. चिठ्ठीवर नाव दिसलं तर तुमचं अवजार राहील आणि तुम्हीही. नाही दिसलं तर पत्र तयार आहे. आणि तिप्पेस्वामी, यापुढे तुम्ही एकाही यंत्राला हात लावायचा नाही."

अण्णा म्हटलं नाही. तिप्पण्णा म्हटलं नाही. पूर्ण नाव घेतलं.

शुक्रवारी विनुताने मला पुसलं. तीन तास. मी जागा झालो तेव्हा दोघं माझ्यासमोर होते. ती कळांवर, ते शेजारच्या स्टुलावर. हात मांडीवर ठेवून बसले असावेत, कारण टेबलावर त्यांचं काहीच वाजत नव्हतं.

"परवाच का नाही सांगितलंत, अण्णा?"

"भ्यालो."

"कशाला?"

"हात रिकामे होतील म्हणून."

तिने पहिली ओळ लिहिली. आधी कन्नड छपाईचा जोड बसव. मग थांबली.

"आणखी काय काय आहे तुमच्या हातात? जे कुठेच लिहिलेलं नाही."

"काय असणार? काही नाही."

"अण्णा."

"बरं. होन्नाळीचा प्रिंटर कागदाचं माप चुकीचं सांगतो. त्याचं ऐकायचं नाही. एक बोट कमी धरायचं."

तिने ते लिहिलं. मग चन्नगिरीला वीज गेली आणि आली की तारीख मागे जाते, ती आधी नीट करायची, नाहीतर रोग्याचं वय चुकतं. बाळंतिणींच्या विभागात पडद्यावरची अक्षरं मोठी ठेवायची, तिथल्या सिस्टरला चष्मा लावायला वेळ नसतो. पाच नंबरवरचा कारकून डावखुरा आहे, त्याच्या माऊसची बटणं उलटी लागतात. काही नाही काही नाही म्हणता म्हणता तिप्पण्णा पंधरा वर्षं बोलले. ती विचारायची, "थांबा, परत सांगा," आणि ते परत सांगायचे, सावकाश, हवामानाबद्दल बोलावं तसं. शनिवारी दुपारपर्यंत एकेचाळीस ओळी झाल्या. हे कुठल्या फोटोत आलं असतं? त्या मुलीने तीन आठवडे वहीत खोडाखोड करून निवडलेलं अवजार बरोबर होतं, हे मला तिथे कळलं. त्यात माणसाचं सांगणं मावत होतं.

आणि प्रत्येक ओळीबरोबर तिप्पण्णांच्या फेरीतलं एकेक गाव माझ्या पोटात येत होतं. ते त्यांनाही कळत असणार. तरी सांगत राहिले.

तिने मला पुन्हा एकदा पुसलं. माझ्या कोऱ्या पोटावर पुडकं उघडलं. प्रिंटरने चिठ्ठी टाकली. या वेळी ती हसली नाही. चिठ्ठी मोठ्याने वाचली. "बसवराजप्पा." आणि रविवारी पुडकं सगळीकडे गेलं.

आता मी अजून त्याच कोपऱ्यात आहे. पंखा पूर्वीपेक्षा मोठ्याने घरघरतो आणि एक दिवस थांबेल. महिन्यातून दोनदा मी पुसला जातो. भीती वाटते, पण सवयही झालीय. माझी तुम्हाला एकच विनंती. तुमच्या कचेरीतही असा एखादा माणूस असेल, जो कोणी न सांगता काहीतरी करत असतो आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. नवं अवजार आणाल तेव्हा आधी त्याला शेजारी बसवा आणि विचारा. चूक झाल्यावर नको, आधी.

इथेच थांबणार होतो, पण सोमवारचं सांगायचं राहिलं.

सोमवारी आठ वाजता विनुता फोनजवळ उभी होती. तिप्पण्णा दारापाशी. खिडक्यांवरून कोणाचाच फोन आला नाही. सव्वाआठला कोट्रेश सर स्वतः आले. "तीन नंबरवर उभा राहून बघून आलो. नाव येतंय. विनुता, तुमच्या कराराचा कागद आजच पुढे पाठवतो."

ती खुर्चीत बसली. बसली म्हणजे कोसळलीच. "थँक्यू सर" म्हणेपर्यंत ते गेलेही होते.

मग केंद्रांचे फोन. हरिहर, ठीक. होन्नाळी, ठीक. चन्नगिरी, तारीखसुद्धा ठीक. शेवटी जगळूर. तिथल्या सिस्टर निंगम्मा. विनुताने फोनचा आवाज मोठा केला, तिप्पण्णांनाही ऐकू जावं म्हणून.

"आलं हो मॅडम, नाव आलं. अगदी ठसठशीत. काही अडचण नाही. फक्त एवढं सांगा, तिप्पण्णा कधी येणार? आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. ते आले की स्टुलावर चढून सेल बदलतात. आमचा कोणाचा हात पोहोचत नाही."

फोन हातात तसाच धरून विनुता म्हणाली, "अण्णा? काय सांगू त्यांना?"

पलीकडून निंगम्मा "हॅलो, हॅलो" करत होत्या.

तिप्पण्णा माझ्यापाशी आले. माझ्या पाठीवर त्यांचा तळहात टेकला. ऊन होता. यंत्राला हात लावायचा नाही असा हुकूम होता, पण ती गोष्ट विनुताने काढली नाही. तळहात थोडा वेळ तिथेच राहिला. मग उचलला गेला. चपला फरशीवरून दारापर्यंत गेल्या, दाराबाहेर गेल्या, जिन्याच्या पायऱ्या उतरायला लागल्या.

खाली कॅन्टीनपाशी ते कोणाला तरी विचारत होते, जगळूरची बस किती वाजता सुटते.